‘हिराबाई कोण?’

सुभेदार काका, रामराम.

माझे सासरे फौजेत होते. १९६३ साली भरती झाले, १९८० साली हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आले. गेल्या कार्तिकात ते गेले. सासूबाईंचं नाव सुमन. आधार, रेशनकार्ड, मतदान कार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडे सुमनच आहे. पण सासऱ्यांच्या फौजेतल्या कागदांवर बायकोचं नाव हिराबाई निघालं आणि फॅमिली पेन्शनचा अर्ज परत आला. हिरा हे सासूबाईंचं माहेरचं नाव. एका ऑफिसात तर त्यांना तोंडावर विचारलं, ‘हिराबाई म्हणजे पहिली बायको का? ती कुठे असते?’ त्या दिवसापासून त्यांचं जेवणाकडे लक्ष नाही.

लग्नाची तारीखही कागदावर मार्च १९६७ आहे. लग्न झालं मे १९६५ मध्ये, आणि थोरले दीर १९६६ सालचे. सासूबाईंची जन्मतारीख तिथे १ जानेवारी १९५२ लिहिली आहे, आधारवर १ जानेवारी १९५०. त्या म्हणतात, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला मांडीवर होता आणि मी वीस-एकवीसची होते. शिवाय सासरे ७१ च्या लढाईत बांगलादेशात होते, त्याचं मेडल डिस्चार्ज बुकात लिहिलेलंच नाही. तालुक्यातला एक जण पंधरा हजारांत सगळं करून देतो म्हणतो, पण डिस्चार्ज बुक ओरिजिनल मागतो. माझे मालक म्हणतात, आधारवरच हिराबाई करून टाकू. काय करावं?

– एक सून, पाटण तालुका

(पलटणीचं, गावाचं नाव मी मुद्दाम छापत नाही.)

सूनबाई, रामराम.

फौजी भावाची सून ती माझीही सून, म्हणून तसंच म्हणतो. पत्र वाचून झाल्यावर पहिल्यांदा डोळ्यांपुढे आल्या त्या तुमच्या सासूबाई. ऐंशीच्या घरातली बाई, नवरा जाऊन सहा महिने झाले नाहीत, आणि टेबलाच्या पलीकडून कोणीतरी विचारतं, पहिली कुठे असते? त्यांना माझ्याकडून एवढं सांगा की यात त्यांची चूक नाही, सासऱ्यांचीही नाही, आणि हे दुरुस्त होतं. अशी दोन नावांची प्रकरणं आपल्याकडे घरोघर आहेत. मी पलटणीत क्लार्क होतो, पुढे गावाकडे आल्यावर माजी सैनिकांचे अर्ज लिहून देत आलो. दर वर्षी एखादी ‘हिराबाई’ भेटतेच.

दोन गोष्टी आज करू नका. त्या माणसाला पंधरा हजार देऊ नका, आणि डिस्चार्ज बुक तर कोणाच्याही हाती देऊ नका. त्याची पानन् पान रंगीत स्कॅन करून ठेवा, मूळ बुक ट्रंकेतच राहू द्या. ते हरवलं तर पोलिसांतल्या तक्रारीपासून सगळं नव्याने सुरू होतं. आणि मालकांना सांगा, आधारला हात लावायचा नाही. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. शिवाय तिथे हिराबाई झालं की बँकेत सुमन, रेशनकार्डावर सुमन, सातबाऱ्यावर सुमन. एका कागदाशी जुळवायला जाल आणि सहा कागदांशी फारकत होईल. ज्या नावाने त्या साठ वर्षं नांदल्या ते नाव खरं. बदलायचा तो फौजेतला कागद.

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय अर्ज नीट लिहिता येत नाही.

सासऱ्यांचं लग्न ठरलं तेव्हा स्थळाकडून कळलेलं मुलीचं नाव हिरा. रजेच्या अर्जात त्यांनी तेच सांगितलं असणार. मग मांडवात, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने ‘सुमन’ लिहिलं गेलं. गावाच्या दृष्टीने त्या क्षणापासून हिरा संपली. रजा संपली, जवान परत गेला. लग्न झाल्याचं पलटणीत कळवायचं असतं आणि त्यावर पार्ट टू ऑर्डर निघते. लग्न, मूल, मृत्यू, बढती, जे काही बदलतं ते या ऑर्डरनेच रेकॉर्डवर चढतं. तीच ऑर्डर पलटणीच्या नोंदी सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिच्यावरून शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीचा नोंदपट, भरला जातो, शीट रोलवरून पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा हुकूम. म्हणजे एका कागदावर जे चढलं ते पुढच्या सगळ्यांवर चढलं.

१९६५ साल तुम्हाला आठवायचं कारण नाही, पण आम्हाला आहे. त्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई होती. पलटणी हलत होत्या, कोणाला लग्नाच्या नोंदीची शुद्ध? पुष्कळ जवानांनी पुढच्या, त्याच्याही पुढच्या रजेनंतर नोंद केली. माझा अंदाज असा, की मार्च १९६७ ही तुमच्या सासऱ्यांच्या लग्नाची तारीख नाहीच. ती लग्न कळवल्याची तारीख आहे, आणि क्लार्कने ती लग्नाच्या रकान्यात उतरवली. त्या वेळी टाइपरायटरवर कार्बन घालून प्रती निघत. चौथ्या प्रतीवर तीन आणि आठ सारखेच दिसत. शेजारी कोणी नावं मोठ्याने वाचायचा, दुसरा टाइप करायचा. वाचणारा गढवालचा, टाइप करणारा केरळचा, नाव आपल्या पाटणच्या पोराचं. ‘बाई’ हे आडनाव समजून वेगळं टाकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या हातूनही असं झालं असेल, आणि कुठेतरी एखादी म्हातारी त्यापायी हेलपाटे घालत असेल, हा विचार मला आजही सुखाने झोपू देत नाही.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं कसं चाललं? कारण पेन्शन बँकेतून येत होती आणि ती सासऱ्यांच्या नावावर होती. बायकोचं नाव तपासायची वेळच आली नाही. २०२१ पासून पेन्शनी हळूहळू ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्या. तिथे संगणक आधारवरचं अक्षर आणि पीपीओवरचं अक्षर समोरासमोर लावतो. सुमन आणि हिराबाई त्याला दोन बायका दिसतात. त्यात लग्न १९६७ चं आणि मुलगा १९६६ चा, म्हणजे समोरच्याला पहिली आणि दुसरी असा हिशोब सुचतो. त्या ऑफिसातल्या माणसाने विचारलं ते वाईट रीतीने विचारलं, पण शंका कागदातूनच आली होती. म्हणून नाव आणि लग्नाची तारीख यांचं उत्तर आपल्याला एकाच अर्जात द्यावं लागेल. नाव तेवढं दुरुस्त करून तारीख तशीच ठेवली तर ती शंका पुन्हा डोकं वर काढेल.

पहिलं काम, फौजेकडे नेमकं काय लिहिलंय ते हातात घ्या. पीपीओ तुमच्याकडे आहे, पण मूळ तिथे नाही. सासऱ्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला सासूबाईंच्या सहीने किंवा अंगठ्याने साधा अर्ज करा. आर्मी नंबर, रँक, नाव, पलटण लिहा आणि तीन गोष्टींच्या प्रती मागा: लग्नाची पार्ट टू ऑर्डर, शीट रोलमधलं कुटुंबाच्या नोंदीचं पान, आणि भरतीच्या वेळचा किंड्रेड रोल, म्हणजे नातलगांची यादी. इतर वाचकांसाठीही सांगतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौदलातल्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाला थेट लिहू नका. पीपीओ तिथून निघतो हे खरं, पण रेकॉर्ड ऑफिसने कळवल्याशिवाय ते अक्षरही बदलत नाहीत. पुष्कळ लोक वर्षभर प्रयागराजला पत्रं पाठवत बसतात.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर तिथल्याच वरिष्ठाकडे पहिलं अपील. मात्र हा अर्ज सासूबाईंच्याच नावाने करा आणि ‘मी त्यांची पत्नी’ असं लिहा. तुमच्या मालकांच्या मित्राने किंवा कोणा कार्यकर्त्याने केला तर ‘खाजगी माहिती’ म्हणून नाकारतात. फाइल नष्ट झाली असेल का, अशी धास्ती घेऊ नका. पंचवीस वर्षांनी कागद नष्ट करण्याचा नियम आहे तो पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांसाठी. तुमचे सासरे पेन्शनर होते.

दरम्यान घरात शोध सुरू करा. आता सगळ्यात महत्त्वाचं काय ते सांगतो.

आपल्याला असा कागद हवा ज्याच्यावर हिरा आणि सुमन ही दोन्ही नावं एकाच ठिकाणी आहेत, आणि जो हे भांडण सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. आज केलेलं प्रतिज्ञापत्र लागतंच, पण ते आज केलेलं आहे. जुना कागद बोलला की समोरचा गप्प होतो. असा कागद आपल्याकडच्या बायकांच्या नावे बहुतेक वेळा असतो, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे हक्कसोडपत्र. सासूबाईंच्या वडलांची जमीन होती का? वडील गेल्यावर भावांनी बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या का? आपल्याकडे लेकी भावासाठी हक्क सोडतात, आणि त्या पत्रात लिहायची पद्धतच अशी आहे: ‘हिराबाई अमुक अमुक, लग्नानंतरचं नाव सुमन तमुक तमुक’. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असतं, त्याची नक्कल मिळते. हक्कसोड झालं नसेल तर माहेरच्या गावच्या तलाठ्याकडे वडलांच्या वारसाचा फेरफार काढा. वारसांच्या नावांत लेक कधी माहेरच्या नावाने येते, कधी सासरच्या, आणि पुष्कळदा दोन्ही नावांनी.

माझ्या माहितीतली एक बाई आठ महिने वेगवेगळ्या ऑफिसांच्या पायऱ्या चढत होती. तिच्या भावाने कपाटातून १९८३ सालचं हक्कसोडपत्र काढून दिलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. दुसऱ्या ओळीत दोन्ही नावं. त्या एका ओळीने काम झालं. जमीन भावाला दिली होती, नाव मात्र त्या कागदाने तिला परत दिलं.

मग ट्रंक. फौजीच्या घरात काळी ट्रंक असतेच, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. ती सासूबाईंनाच उघडू द्या, तुम्ही शेजारी बसा. सासऱ्यांनी धाडलेली आंतरदेशीय पत्रं असतील, वर ‘सौ. सुमन’ लिहिलेलं आणि पलटणीच्या टपालाचा शिक्का. मनीऑर्डरची कुपनं असतील. जुनं रेशनकार्ड, पहिलं मतदान कार्ड, कॅन्टीन कार्ड. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं, कार्ड काढलं असेल तर ते फार मोलाचं, कारण त्यावर फौजीच्याच योजनेत त्यांचं नाव आणि फोटो आहे. नवरा-बायकोचा एकत्र काढलेला, पेन्शनच्या वेळी दिलेला फोटो सापडला तर त्याचीही प्रत लावा. हिराबाई कोण या प्रश्नाला चेहऱ्यानेच उत्तर मिळतं.

थोरल्या दिरांचा शाळा सोडल्याचा दाखलाही काढा. त्यावर आईचं नाव नसेल, तेव्हा लिहीत नसत, पण १९६६ चा जन्म आणि वडलांचं नाव आहे. लग्न मे १९६५ चं, या म्हणण्याला त्याने आधार मिळतो.

आता प्रतिज्ञापत्र. एक सासूबाईंचं, आणि त्याला जोडून लग्नाला हजर असलेल्या दोघांचं. सासूबाईंचे भाऊ असतील तर त्यांच्याइतकं चांगलं कोणी नाही. नोटरीपेक्षा दंडाधिकाऱ्यापुढे केलेलं बरं, रेकॉर्ड ऑफिसं बहुधा तेच मागतात. मजकूर असा असू द्या:

‘माझं माहेरचं नाव हिराबाई. माझा विवाह मे १९६५ मध्ये (तिथी किंवा तारीख आठवत असेल ती) झाला व त्या वेळी माझं नाव सुमन ठेवण्यात आलं. पतीच्या सेवेच्या कागदपत्रांत माझं नाव हिराबाई असं नोंदलेलं आहे. हिराबाई व सुमन ही दोन्ही नावं माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत. कागदपत्रांतली मार्च १९६७ ही विवाहाची तारीख चुकीची आहे. माझ्या पतीने माझ्याशिवाय दुसरा विवाह केलेला नव्हता व पतीच्या निधनानंतर मीही पुनर्विवाह केलेला नाही.’

शेवटची दोन वाक्यं लिहिताना सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांना नीट समजावून सांगा. त्या वाक्यांसाठीच हा कागद मागतात. त्याच आशयाचा दाखला सरपंचांचा आणि पोलीस पाटलांचा घ्या. फौजेतल्या कागदावर इंग्रजीत ‘हिरा बाई’ ज्या अक्षरांत, ज्या मोकळ्या जागेसह टाइप झालंय, प्रतिज्ञापत्रात इंग्रजीत ते हुबेहूब तसंच उतरवा. चुकीचं वाटलं तरी सुधारून लिहू नका. आणि मराठी कागदांचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद करून, साक्षांकित करून जोडा. सागर किंवा जबलपूरच्या क्लार्कला ‘हक्कसोड’ म्हणजे काय हे कसं कळणार? तो कागद बाजूला ठेवून देतो, आणि तुम्हाला वाटतं, पुरावा देऊनही ऐकत नाहीत.

काही जण पहिल्याच दिवशी राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. सासूबाई आज नाव बदलत नाहीयेत, ते साठ वर्षांपूर्वीच बदललंय. राजपत्रावर आजची तारीख येते आणि गोंधळ वाढतो. रेकॉर्ड ऑफिसने लेखी मागितलं तरच करा.

जन्मतारखेचं प्रकरण थोडं वेगळं आहे, आणि त्यात पैसाही आहे. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की फॅमिली पेन्शनमध्ये मूळ रकमेच्या २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरीला दुप्पट. मूळ पेन्शन कमीत कमी म्हणजे ९,००० धरली तरी ऐंशीला महिना १,८०० वाढतात, महागाई भत्ता निराळा. सासूबाईंचा जन्म १९४७ चा निघाला तर ही वाढ २०२७ पासून. फौजेच्या कागदावरचं १९५२ तसंच राहिलं तर २०३२ पर्यंत थांबायचं. पाच वर्षांचे एक लाख आठ हजार होतात.

पण खरी तारीख कोणती? १ जानेवारी १९५० ही आधारवरची तारीख कोणी पाहिलेली नाही. वय सांगितलं की यंत्र मागे मोजून १ जानेवारी टाकतं, जसे आपल्या वेळी गुरुजी सगळ्या वर्गाला १ जून टाकायचे. फौजेतली १९५२ तर उघड चूक आहे. ती धरली तर लग्नात त्या तेरा वर्षांच्या ठरतात. सासूबाईंचं स्वतःचं गणित मला जास्त पटतं. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. तेव्हा वीस-एकवीस म्हणजे जन्म १९४६ किंवा ४७. पण भूकंपाची आठवण ऑफिसात चालत नाही, कागद लागतो. त्या शाळेत गेल्या नसतील तर एक जागा उरते, कोतवाल बुक. माहेरच्या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना चौदा, त्यांच्या माहेरच्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना ही जुनी बुकं बाहेर निघाली, पुष्कळशी स्कॅनही झाली, त्यामुळे आता शोधणं पूर्वीइतकं अवघड नाही. नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘अमक्यास मुलगी’ एवढंच असतं. म्हणून भावंडांचा क्रम आधी सासूबाईंकडून लिहून घ्या: कोणाच्या पाठीवर कोण, मध्ये गेलेली भावंडं धरून. १९४५ ते १९४८ अशी चार वर्षं बघा. काही बुकं मोडीत असतील, तर मोडी वाचणारा जाणकार सोबत न्या. शिक्क्याची नक्कल घ्या. तिच्यावर आधार एकदाच सुधारून घ्या आणि तीच नक्कल रेकॉर्ड ऑफिसला द्या.

आणि सूनबाई, नोंद १९५० ची निघाली तर १९५० मान्य करा. पैशासाठी साल मागे ओढायचं नाही. फौजीच्या घरातून खोटा कागद जाऊ नये, आणि गेला तर खऱ्या नावाच्या अर्जावरचाही विश्वास जातो.

नावाचा अर्ज मात्र कोतवाल बुकासाठी अडवून धरू नका. पेन्शन सुरू होणं पहिलं. जन्मतारीख मागून दुरुस्त करता येते.

इथे इतर वाचकांसाठी थोडं. बायकोची जन्मतारीख पुराव्यावर सुधारते, पण सैनिकाची स्वतःची, भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख निवृत्तीनंतर बदलून मिळेल अशी आशा धरू नका. जनरल व्ही. के. सिंग सेनाप्रमुख होते. सेना मुख्यालयातच एका शाखेकडे त्यांची जन्मतारीख १० मे १९५० होती आणि दुसरीकडे १० मे १९५१. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांना याचिका मागे घ्यावी लागली. १९५० कायम राहिलं. त्यामुळे स्वतःच्या तारखेच्या बाबतीत आधारच फौजेच्या कागदाशी जुळवून घेतलेला बरा. सूनबाईंना मी नावाबद्दल अगदी उलट सांगितलं, हे माझ्या ध्यानात आहे. दोन्हींची कारणं निराळी आहेत.

आता हे सगळं पाठवायचं कसं? साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. तिथले कल्याण संघटक बहुतेक स्वतः माजी सैनिक असतात, तालुक्याला दौऱ्यावरही येतात. त्यांना भेटा, सगळे कागद दाखवा, आणि कार्यालयाच्या शिफारसपत्रासह रेकॉर्ड ऑफिसला पाठवायची विनंती करा. यासाठी कोणाला पैसे लागत नाहीत. एक पूर्ण संच आपल्याकडे ठेवा, पोचपावती त्यालाच टाचून. रेकॉर्ड ऑफिसने नोंद सुधारली की ते प्रयागराजला कळवतात, तिथून सुधारित पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. तो हातात आला की देवापुढे ठेवायच्या आधी अक्षर न् अक्षर वाचा. नाव, आडनाव, जन्मतारीख, आधार नंबर, बँक खातं. दुरुस्तीच्या पीपीओत नवी चूक निघाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि ती त्याच आठवड्यात कळवली तर लवकर निघते. फॅमिली पेन्शन सुरू झाली की थकबाकी सासऱ्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची मागा.

नकार आलाच तर तो लेखी घ्या, कारणासकट. तोंडी ‘होत नाही’ यावर उठून येऊ नका. लेखी नकारावर मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं, साधारण सहा महिन्यांच्या आत. हे न्यायाधिकरण २००९ पासून फौजींसाठीच आहे. वकिलाच्या फीची चिंता वाटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फार वर्षं मात्र दवडू नका. पेन्शनच्या दाव्यात उशीर झाला तर थकबाकी बहुतेक वेळा मागच्या तीन वर्षांचीच मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलेलं आहे. तुमच्या बाबतीत इथवर येईल असं मला वाटत नाही.

मेडलचं राहिलं. ते मी शेवटी घेतलं म्हणजे लहान समजतो असं नाही. पूर्व आघाडीवर होते तर पूर्वी स्टार त्यांचा हक्क आहे, आणि संग्राम मेडलही. पण तो अर्ज या अर्जात मिसळू नका. एका पत्रात चार मागण्या घातल्या की फाइल चार टेबलांवर फिरते आणि कुठल्याच टेबलावर पूर्ण होत नाही. आधी पेन्शन सुरू होऊ द्या. मग वेगळ्या पत्राने, डिसेंबर १९७१ मध्ये ते कोणत्या बटालियनमध्ये, कोणत्या कंपनीत होते ते लिहून रेकॉर्ड ऑफिसला विचारा. त्यांच्या बरोबरीचे कोणी अजून हयात असतील तर त्यांच्याकडून दोन ओळी घ्या, आणि लवकर घ्या. त्या पिढीतली माणसं भराभर चालली आहेत.

ज्यांचे वडील, सासरे, आजोबा पेन्शन घेताहेत आणि समोर बसलेले आहेत, त्यांनी आज संध्याकाळी पीपीओ काढून बायकोच्या नावाची ओळ त्यांना वाचून दाखवावी. काही जुन्या पीपीओत ती ओळच नसते, तेही तपासा. सैनिक स्वतः हयात असताना त्याच्या एका सहीवर जे होतं, त्यासाठी मागाहून सरपंच, पोलीस पाटील आणि दंडाधिकारी लागतात.

सूनबाई, सासूबाईंना विचारा, त्यांच्या वडलांची जमीन कोणत्या गावची आणि हक्कसोडाला त्या कोणत्या कचेरीत गेल्या होत्या. बायकांना तो दिवस लक्षात असतो. भावाने साडी घेतलेली असते. साल सांगता आलं नाही तरी कोणतं पोर तेव्हा केवढं होतं ते सांगतील, त्यावरून शोधता येतं. नक्कल मिळाली की मला कळवा, प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करण्याआधी मी वाचून देतो. आणि त्यांना म्हणावं, दोन घास जेवा.

– सुभेदार काका